हातची पाटी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला आधी हसूच आले. मी सातवी पास बाई. लोणच्याची कृती देते म्हटले, पण त्यांनी ऐकले नाही. मग विचार केला, की गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकाने माझ्या मनाला जी टोचणी लावली, तीच सांगावी. ते पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी. आपल्यापैकी पुष्कळजणींनी २०१२ साली त्यांच्या जीवनावरची मालिका पाहिली असेल. मीही पाहिली होती. पण पुस्तक वाचताना वेगळेच काही हाती लागले.

त्याआधी माझी एक गोष्ट सांगते. सातवीनंतरची शाळा आमच्या गावात नव्हती, म्हणून माझे शिक्षण थांबले. दहावीला बाहेरून बसावे अशी इच्छा मला फार दिवसांपासून आहे. शाळा सोडल्याचा दाखला कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवला आहे. मुलगी दोन वर्षे म्हणते आहे, आई, सतरा नंबरचा अर्ज मी भरून देते. आणि मी दोन वर्षे म्हणते आहे, आधी दिवाळी होऊ दे, आधी सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन होऊ दे. आता रमाबाईंकडे वळते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. मुलीला अक्षर शिकवणे त्या काळी चांगले मानीत नसत, त्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. पहिली पत्नी त्याच वर्षी वारलेली. स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांना लग्न करावे लागले. त्यासाठी लोकांनी त्यांना बोल लावला. पण लग्न झाल्यावर त्यांनी लगेच पत्नीच्या हाती पाटी दिली.

इथवर वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. मनात म्हटले, रमाबाईंना रानडे मिळाले, म्हणून त्या शिकल्या. आपल्याला कोण पाटी देतो? असे म्हणून मी पोळ्या लाटायला उठले. आणि खरे सांगते, मला बरे वाटले! आपले काही चुकले नाही असे कोणी सांगितले की बरे वाटते ना, तसे.

पण चार दिवसांनी पुस्तक परत करण्यापूर्वी पुढे वाचले, तेव्हा ते समाधान टिकले नाही. रानडे शिकवीत ते रात्री. दिवसा ते कचेरीत असत. दिवस जात असे तो घरातल्या वडीलधाऱ्या बायकांत. सासूबाई, नणंदा, घरात असलेल्या नात्यातल्या बायका, यांतल्या बहुतेकींना सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, चारचौघींत उणे बोलणे, हे सगळे त्या मुलीला सोसावे लागे. नवऱ्याने दिलेला दिवा रात्रीपुरता होता, दिवसाचा काळोख तिचा तिलाच काढायचा होता. तो दुसरे कोणी तिच्यासाठी काढून देऊ शकत नव्हते.

आणि त्यांनी तो कसा काढला, हेच मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी उलट उत्तर केले नाही. रोज रात्री नवऱ्यापाशी गाऱ्हाणेही नेले नाही. घरच्या कामात कसूर केली नाही. आणि पाटीही खाली ठेवली नाही. बोलणाऱ्या बायकांना त्यांनी शत्रू मानले नाही. त्यांनाही लहानपणी असेच वळण लागले, त्यांना दुसरे काही दिसलेच नाही, अशा समजुतीने त्या वागल्या. आपल्याला वाटते, जिद्द म्हणजे कडाडून भांडणे. रमाबाईंची जिद्द जात्याच्या खुंट्यासारखी होती. आवाज करते ते जाते, खुंटा आपला जागेवर घट्ट.

पुढे रानड्यांची नाशिकला बदली झाली. तिथे रमाबाई इंग्रजी शिकल्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या समारंभात पहिल्यांदा चार शब्द बोलल्या. ते भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. मला याचे फार बरे वाटले. पहिल्या वेळेला दुसऱ्याचे शब्द हाती घेऊन उभे राहिले तरी चालते, उभे राहणे महत्त्वाचे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला, तेव्हा रमाबाई तिथे जाऊ लागल्या. घरात पुन्हा वादळ. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून पुढारी मंडळींनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मागणी मांडली, तेव्हा इंग्रजी निवेदन वाचायला भर सभेत रमाबाई उभ्या राहिल्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्या मुलीला अ-आ येत नव्हते, ती ही! ते हायस्कूल १८८४ साली सुरू झाले. आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो. पण सभेतून घरी आल्यावर त्यांना शाबासकी मिळाली नाही, बोलणी मिळाली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि आपले शिकणे चालू ठेवले.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीसच्या उंबरठ्यावर होत्या. मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या घरी आल्या आणि जवळजवळ एक वर्ष कोणात मिसळल्या नाहीत. हे वाचताना माझे डोळे भरून आले. पाटी देणारे हात गेले, आता काय? माझा पहिला समज खरा असता, तर त्यांची गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण ती इथूनच वाढली. त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात कैदी बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यातल्या रोग्यांची विचारपूस करू लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १९०८ साली मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्या कामात त्या पडल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे विधवा आणि गरजू बायकांना शिक्षिकेचे, परिचारिकेचे, शिवणकामाचे शिक्षण मिळू लागले. परक्या रोग्याची सेवा करणे कुलीन बाईला कमीपणाचे, असे तेव्हा समजत. तो समज मोडण्याच्या कामी रमाबाई उभ्या राहिल्या. दिवसभर टोमणे ऐकत धीराने राहण्याची सवय इथे उपयोगी पडली असेल, असे मला वाटते. पुढे पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. सेवासदन अजून चालू आहे.

रमाबाईंना भीती वाटत नव्हती असे नाही. आठवणी वाचताना जागोजागी त्यांची धडधड ऐकू येते. पण भीती जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. भीती सोबत घेऊनच त्यांनी पुढचा धडा घेतला. मी मात्र भीती जाण्याची वाट बघत बसले होते, आणि तिला दिवाळीचे, ऑपरेशनचे नाव देत होते. माझ्या घरात मला कोणी अडवलेले नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, या वयात काय करायचे शिकून. तेवढे एकच वाक्य मी दोन वर्षे दाराला कडीसारखे लावून ठेवले होते. खरे कारण गणित. मला गणिताची फार भीती वाटते, आणि नापास झाले तर मुलीच्या मैत्रिणींना काय वाटेल याची लाज वाटते. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगते आहे, तेही छापून!

सगळे मनावरच असते असे मी म्हणणार नाही. ज्या बाईला घरातून बाहेर पाऊल टाकू देत नाहीत, जिला दोन वेळचे जेवण मिळवताना दिवस पुरत नाही, तिला मन घट्ट कर एवढे सांगून भागत नाही. तिच्यासाठी सेवासदनासारखी दारे उघडावी लागतात, आणि आपल्या मंडळाने तेही करावे. पण जिच्यापुढचे दार उघडे आहे आणि तरी जी उंबऱ्यावर बसून राहिली आहे, तिने स्वतःला एकदा विचारावे, की मला कोणी अडवले आहे? मी विचारले. उत्तर ऐकायला जड गेले.

परवा मी दाखला साड्यांखालून काढला. घडीवर तो थोडा फाटला आहे, मुलीने मागून चिकटपट्टी लावली. अर्ज तिने भरून दिला. सासूबाई काही बोलल्या, मी उत्तर केले नाही, त्यांच्या डोळ्यांत औषध घातले आणि मग वही घेऊन बसले. दुपारी दोन ते साडेतीन ही माझी वेळ ठरवली आहे. अपूर्णांकापाशी अडले आहे. आपल्या मंडळात ज्या भगिनी शिक्षिका आहेत, त्यांच्यापैकी कोणी मला आठवड्यातून एक दिवस गणित समजावून दिले तर फार उपकार होतील.

पास झाले तर पुढच्या स्मरणिकेत लिहीन. नापास झाले तरी लिहीन.