एड्सगर डाइक्स्ट्रा: पुन्हा न दिसणाऱ्या बगला घाबरलेला प्रोग्रॅमर

इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर्स शिकलेल्या प्रत्येकाला डाइक्स्ट्रा हे नाव माहीत असतं. शॉर्टेस्ट पाथचा अल्गोरिदम, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि विषय तिथेच संपतो. पण बँकेचा डेटाबेस घ्या किंवा तिकीट बुकिंग घ्या. एकाच क्षणाला हजारो लोक त्याच डेटाला हात लावतायत आणि तरी हिशोब चुकून चालत नाही, अशा सगळ्या सिस्टीमच्या पायात या माणसाचं काम आहे. आज त्या कामाबद्दल आणि त्यामागच्या माणसाबद्दल बोलूया.

सरकारी कागदावर नसलेला व्यवसाय

एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिताची जाणकार. एड्सगर लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला गेले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा एक उन्हाळी कोर्स होता. तो त्यांनी केला आणि पुढच्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले.

तेव्हा नेदरलँड्समध्ये प्रोग्रॅमर ही जातच नव्हती. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी लग्न झालं, तेव्हा नोंदणीत व्यवसाय काय लिहायचा हा प्रश्न आला. प्रोग्रॅमर असा काही व्यवसाय नसतो, असं म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला. शेवटी कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट. सेंटरमध्ये आर्मॅक नावाचा नवा कॉम्प्युटर तयार झाला होता. तो काय करू शकतो हे सामान्य माणसाला दाखवायचं होतं. डाइक्स्ट्रांनी उदाहरण निवडलं नकाशाचं: नेदरलँड्समधली ६४ शहरं, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेलेले असताना दोघं कॉफी प्यायला बसले आणि साधारण वीस मिनिटांत, कागद-पेन न घेता, त्यांनी तो अल्गोरिदम मनात तयार केला. १९५९ मध्ये तो तीन पानांत छापून आला. जग त्यांना ओळखतं ते यासाठी. पण त्यांची झोप उडवणारा प्रश्न वेगळाच होता.

इंटरप्ट नावाची भीती

जुन्या कॉम्प्युटरचं काम एकदम सरळ असायचं. एक सूचना, मग दुसरी, मग तिसरी. काही छापायचं असेल तर टाइपरायटरचं काम संपेपर्यंत कॉम्प्युटर थांबून राहायचा. तोच प्रोग्रॅम, तोच इनपुट दिला की तेच घडायचं. चूक असेल तर ती पुन्हा तशीच दिसायची, म्हणून पकडता यायची.

१९५७ च्या सुमाराला एक्स-१ या नव्या कॉम्प्युटरची आखणी सुरू झाली. हार्डवेअर करणारे सहकारी ब्राम लूप्स्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन यांनी सुचवलं की यात इंटरप्ट ठेवूया. म्हणजे काय, तर प्रिंटर त्याचं काम करत राहील, प्रोसेसर दुसरी गणितं करेल, आणि प्रिंटरचं झालं की तो प्रोसेसरला मध्येच टोकेल. वेळ वाचेल. कुणीही खूश झालं असतं. डाइक्स्ट्रा घाबरले.

कारण सोपं आहे. प्रिंटर नेमका कधी टोकेल हे कुणालाच सांगता येत नाही. आज ४०व्या सूचनेनंतर टोकेल, उद्या ४१व्या. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तोच इनपुट, आणि तरी घडणाऱ्या गोष्टींचा क्रम दर वेळी वेगळा. त्यातल्या एखाद्याच क्रमात बग असेल तर तो एकदा दिसेल आणि पुन्हा महिनाभर दिसणार नाही. आपल्या भाषेत, रिप्रोड्यूस होत नाही म्हणून तिकीट बंद.

हे किती अवघड आहे ते एका आकड्यावरून कळेल. दोन थ्रेड, प्रत्येकात फक्त १० पायऱ्या. या २० पायऱ्या एकमेकांत मिसळायचे किती वेगवेगळे क्रम होतात? १ लाख ८४ हजार ७५६. टेस्ट हजार वेळा चालवून हजारही वेळा पास झाली, तरी त्यातले जास्तीत जास्त हजार क्रम तपासले. उरलेल्यांचं काय?

डाइक्स्ट्रांनी काही काळ हा निर्णय लांबवला. शेवटी सहकाऱ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवून त्यांना तयार केलं आणि इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. १९५९ मधल्या त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधाचा विषयही हाच होता. आपला प्रोग्रॅम कुठल्याही क्षणी थांबवला आणि पुन्हा सुरू केला तरी त्याला पत्ता लागता कामा नये, हे टेस्ट करून दाखवता येत नाही. ते विचार करूनच पटवावं लागतं. इथून पुढची चाळीसेक वर्षं ते याच गोष्टीमागे राहिले.

कुलूप, सिग्नल आणि बँकर

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथल्या कामाचं महत्त्व एका उदाहरणाने बघू.

समजा खात्यात १०,००० रुपये आहेत. नवरा एटीएममधून ८,००० काढतोय, त्याच क्षणाला बायको मोबाइलवरून ८,००० पाठवतेय. दोन्ही प्रोग्रॅमनी शिल्लक वाचली: १०,०००. दोघांनाही वाटलं की पैसे पुरेसे आहेत. दोघांनीही २,००० शिल्लक लिहिली. खात्यातून १६,००० गेले आणि हिशोबात ८,०००च गेल्याचं दिसतंय. कोडची प्रत्येक ओळ बरोबर आहे, फक्त क्रम चुकला. म्हणून शिल्लक वाचल्यापासून लिहीपर्यंतच्या भागात एका वेळी एकच जण असला पाहिजे.

१९६५ मध्ये डाइक्स्ट्रांनी हा प्रश्न जेमतेम एका पानाच्या लेखात मांडला आणि कितीही प्रोग्रॅम असले तरी चालेल असं उत्तर सिद्ध करून दाखवलं. त्याच काळात त्यांनी सेमाफोर आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. एकेरी मार्गावर एक गाडी असेल तर सिग्नल दुसरीला थांबवतो, पहिली बाहेर पडली की दुसरीला सोडतो. सेमाफोरच्या दोन क्रियांना त्यांनी पी आणि व्ही ही डच शब्दांवरून आलेली अक्षरं दिली. ती आजही ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकांत तशीच आहेत.

पण कुलूप आलं की कुलपाचे त्रास आले. एक व्यवहार खातं अ अडवून ब ची वाट बघतोय, दुसरा ब अडवून अ ची वाट बघतोय. दोघंही जन्मभर थांबणार. हाच डेडलॉक. डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेत असाच प्रश्न घातला होता, पाच कॉम्प्युटर आणि त्यांच्यात वाटून घ्यायचे टेप ड्राइव्ह असा. टोनी होअर यांनी नंतर त्याला जेवणाच्या टेबलावरच्या पाच तत्त्वज्ञांचं रूप दिलं. डेडलॉक टाळण्यासाठी डाइक्स्ट्रांनी बँकर्स अल्गोरिदमही दिला: शहाणा सावकार कर्ज देताना बघतो की हे दिल्यावरही सगळ्यांची गरज कुठल्या ना कुठल्या क्रमाने भागेल का? तसा क्रम दिसत नसेल तर हातात पैसे असूनही तो थांबतो.

या सगळ्या कल्पना त्यांनी आणि त्यांच्या छोट्या टीमने एका खऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये उतरवल्या. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव टीएचई. तिची रचना थरांची होती. खालच्या थराबद्दल खात्री पटली की मगच त्यावर वरचा थर. १९७२ मध्ये डाइक्स्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

चूक होणारच, मग पुढे काय?

इथपर्यंतचा विचार चूक होऊच नये असा होता. पण खऱ्या जगात वीज जाते, केबल तुटते, मेमरीतला एखादा बिट उलटतो. अनेक मशीन एकत्र काम करत असतील तर कुठल्याही एका मशीनला सगळ्यांची अवस्था एकदम दिसत नाही. मग बिघाड झालाय हे कळणार कुणाला आणि दुरुस्त करणार कोण?

नोव्हेंबर १९७४ मध्ये डाइक्स्ट्रांनी दोन पानांचा एक लेख छापला. त्यातली कल्पना आज सेल्फ-स्टॅबिलायझेशन म्हणून ओळखली जाते. सिस्टीम कुठल्याही विस्कटलेल्या अवस्थेत टाका, ती ठरावीक पायऱ्यांत आपली आपण योग्य अवस्थेत येईल आणि मग तिथेच राहील.

हे करून बघता येतं. चार मशीन गोलात बसवा. प्रत्येकाकडे ० ते ३ मधला एक आकडा. प्रत्येकाला फक्त आपल्या डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा दिसतो. पहिल्या मशीनच्या डावीकडे चौथं.

नियम दोनच. पहिलं मशीन सोडून बाकीच्यांसाठी: तुझा आकडा शेजाऱ्यापेक्षा वेगळा असेल तर पाळी तुझी, आणि काम झालं की शेजाऱ्याचा आकडा उतरवून घे. पहिल्या मशीनसाठी: तुझा आकडा चौथ्याइतकाच असेल तर पाळी तुझी, आणि काम झालं की आपला आकडा एकने वाढव. ३ नंतर पुन्हा ०.

एका वेळी पाळी एकाचीच असावी अशी अपेक्षा आहे. आता मुद्दाम बिघडवू: २, ०, ३, १. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या, तिघांनाही वाटतंय की पाळी आपली. गोंधळ. दुसऱ्याने उतरवलं: २, २, ३, १. तिसऱ्याने उतरवलं: २, २, २, १. चौथ्याने: २, २, २, २. आता पाळी फक्त पहिल्याची. त्याने वाढवलं: ३, २, २, २. आता फक्त दुसऱ्याची. इथून पुढे पाळी गोलात शिस्तीत फिरत राहते. कुणी रीस्टार्ट केलं नाही, कुणी मॉनिटर नेमला नाही.

हे नशिबाने जमलं का? नाही. बाकीच्या तिघांकडे मिळून जास्तीत जास्त तीन वेगळे आकडे असू शकतात आणि उपलब्ध आहेत चार. म्हणजे वाढवता वाढवता पहिलं मशीन कधीतरी असा आकडा धरतं जो दुसऱ्या कुणाकडेच नाही. तो आकडा एकेकाकडे उतरत चौथ्यापर्यंत पोचेपर्यंत पहिल्याला थांबावंच लागतं. आणि तो पोचला याचा अर्थ सगळे एकसारखे झाले. सुरुवात कुठलीही असो, शेवट हाच.

या लेखाकडे बरीच वर्षं फारसं कुणी बघितलं नाही. १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतल्या भाषणात हे डाइक्स्ट्रांचं सर्वांत तेजस्वी काम आहे असं सांगितलं, तेव्हा संशोधकांचं लक्ष गेलं आणि त्यातून एक नवी शाखाच उभी राहिली. आज कुबरनेटीससारख्या सिस्टीममधले कंट्रोलर सतत बघत असतात की असायला हवं काय आणि आहे काय, आणि फरक दिसला की तो मिटवतात. अल्गोरिदम वेगळा आहे, स्वभाव तोच. सिस्टीमने स्वतःकडे बघून स्वतःला सावरायचं.

शाईचं पेन आणि तिखट जीभ

१९७३ पासून डाइक्स्ट्रा बरोज कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन गावातल्या घरूनच काम करत. १९८४ मध्ये ते अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ पर्यंत तिथे शिकवलं. आपले विचार ते शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहायचे, त्यावर नंबर टाकायचे आणि झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पाठवायचे. तेराशेच्या वर टिपणं झाली. कॉम्प्युटर सायन्समधला एवढा मोठा माणूस, पण स्वतः कॉम्प्युटर फारसा वापरायचा नाही.

स्वभाव मात्र सोपा नव्हता. दुसऱ्यांच्या कामावर ते फार कठोर बोलत आणि त्यामुळे अनेक जण दुखावले. प्रोग्रॅम लिहितानाच त्याची सिद्धता बरोबरीने लिहावी, हा त्यांचा आग्रह इंडस्ट्रीने मानला नाही. लाखो ओळींच्या कोडला ते हाताने झेपणारंही नव्हतं.

पण त्यांनी दाखवलेली भीती खरी होती. १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर मध्येच आपोआप रीसेट व्हायला लागला. कमी महत्त्वाच्या कामाने कुलूप धरून ठेवलं होतं, महत्त्वाचं काम त्याची वाट बघत होतं, आणि मधलीच कामं प्रोसेसर अडवत होती. रिअल-टाइम सिस्टीममध्ये उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. इथे वेळ चुकत होती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत तो क्रम पुन्हा घडवून पकडला आणि कुलपाची एक सेटिंग बदलून यान वाचवलं. आणि ॲमेझॉनचे इंजिनिअर आज आपल्या डेटाबेस आणि स्टोरेजच्या डिझाइनवर कोड लिहिण्याआधी लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही भाषा वापरून सगळे शक्य क्रम तपासतात. हाताने झेपत नव्हतं ते मशीनकडून करून घेतात.

२००२ मध्ये डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगच्या परिषदेने १९७४ च्या त्या दोन पानी लेखाला प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार जाहीर केला. त्यानंतर लवकरच, ६ ऑगस्ट २००२ रोजी, कॅन्सरने डाइक्स्ट्रांचं न्यूनेनमध्ये निधन झालं. पुढच्या वर्षीपासून त्या पुरस्कारालाच डाइक्स्ट्रा पुरस्कार हे नाव दिलं गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी लोड वाढल्यावर एकदाच येऊन गायब झालेला एरर दिसला तर लॉग उघडायच्या आधी एक कागद घ्या. कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी चालू होत्या ते लिहा आणि प्रत्येक दोघांबद्दल विचारा: यांचा क्रम उलटा झाला असता तर? बग बऱ्याचदा त्या यादीत आधीच लिहिलेला असतो.