संत इग्नेशियस यांची पहिली मिस्सा

३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. पाम्प्लोनाचा किल्ला, तोफेचा गोळा आणि जायबंदी पाय ही कथा आपल्या वाचकांनी प्रवचनांतून अनेकदा ऐकली असेल. त्या गोळ्यानंतरची सोळा-सतरा वर्षे मात्र आम्ही धर्मगुरू सहसा दोन वाक्यांत आटोपतो. वास्तविक या संताची खरी जडणघडण त्याच वर्षांत झाली.

१४९१ साली स्पेनच्या बास्क प्रदेशात, लोयोलाच्या सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. किशोरवयात ते राजाच्या खजिनदाराच्या वाड्यात राहावयास गेले आणि दरबारी तरुणाचे सारे शौक त्यांनी तेथे आत्मसात केले. २० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याशी लढताना त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही. गुडघ्याखाली त्याचे टोक बाहेर आले. दरबारात शोभणारे तंग बूट आता पायात जाणार नाहीत, एवढ्याच कारणास्तव त्यांनी ते हाड करवतून काढण्यास सांगितले. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात त्यांनी ते सहन केले! म्हणजे सोसण्याची शक्ती त्यांच्या ठायी पहिल्यापासूनच होती. ती कशासाठी खर्च करायची, हे तेवढे ठरायचे होते.

अंथरुणास खिळले असता त्यांनी वीरकथांची पुस्तके मागितली. घरात ती नव्हती. ख्रिस्ताचे जीवन आणि संतचरित्रे एवढेच मिळाले. तासन् तास ते कधी एका थोर घराण्यातील स्त्रीला जिंकण्याची स्वप्ने रंगवीत, तर कधी संत फ्रान्सिस व संत डॉमनिक यांच्यासारखे काही करण्याची. दोन्ही विचार रमवणारेच होते. फरक नंतर जाणवे. पहिल्या स्वप्नातून बाहेर आल्यावर मन कोरडे आणि खिन्न होई, दुसऱ्यातून बाहेर आल्यावरही आनंद टिकून राही. सुख मिळतेवेळी ते कसे लागते, यापेक्षा ते निघून गेल्यावर मागे काय उरते हे पाहावे, ही दृष्टी त्यांना येथे लाभली. पुढे त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आत्म्यांची पारख शिकवताना हाच अनुभव पायाशी आहे.

१५२२ च्या मार्च महिन्यात मोन्सेरातच्या मरियामंदिरात त्यांनी आपली तलवार अर्पण केली आणि मनरेसा गावी ते भिक्षा मागून राहू लागले. येथे त्यांच्याकडून अतिरेकही झाला. केस व नखे वाढू दिली, कठोर उपवास केले, जुन्या पापांच्या शंकांनी जीव नकोसा व्हावा इतके ते गांजले. याच काळात रात्री झोपावयास जाताना त्यांना अपूर्व आध्यात्मिक आनंद लाभू लागला आणि मुळात थोडी असलेली झोपही उडू लागली. प्रार्थनेसाठी दिवसाचे इतके तास दिलेले असताना हा आनंद नेमका झोपेच्या वेळीच का यावा, असा विचार करून त्यांनी तो बाजूला सारला आणि ते झोपले. भक्तीतले सुखसुद्धा अवेळी आले तर थांबवता येते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते? प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे भाविक पुष्कळ आहेत. फार जाणवते म्हणून सावध झालेला कोणी आम्हाला अद्याप भेटलेला नाही.

१५२३ मध्ये ते यरुशलेमला पोहोचले. तेथेच राहून आत्म्यांची सेवा करावी, हीच त्यांची मनीषा होती. पवित्र भूमीची जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत जाण्याची आज्ञा केली. ती त्यांनी मानली आणि तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात, लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिनचे व्याकरण गिरवू लागले. ज्यांनी ही भाषा सेमिनरीत शिकली आहे त्यांना ठाऊक आहे, त्या क्रियापदांच्या रूपांत गोडी अशी काही नसते. इग्नेशियस रूपे पाठ करू लागले की त्यांच्या मनात दैवी विचारांचे झरे फुटत आणि पाठांतर जागीच राही. मिस्सेत किंवा प्रार्थनेत असे होत नाही, अभ्यासातच होते, हे पाहून त्यांनी हा मोह असल्याचे ओळखले. गुरुजींना सागरमातेच्या मंदिरात नेऊन त्यांनी वचन दिले की, बार्सिलोनात अन्नपाणी मिळेल तोवर दोन वर्षे ते एकही पाठ चुकवणार नाहीत.

पुढे आल्काला व सालामांका येथे धर्मचौकशी झाली, तुरुंगवास घडला. दोष काही आढळला नाही, परंतु अधिक शिक्षण होईपर्यंत शिकवणुकीवर बंधने आली. २ फेब्रुवारी १५२८ रोजी ते पॅरिसला पोहोचले. आपला पाया कच्चा राहिल्याचे पाहून त्यांनी पुन्हा लॅटिनपासून सुरुवात केली, पुन्हा मुलांच्या वर्गात. पैसे एका स्पॅनिश सोबत्याकडे ठेवावयास दिले होते, ते त्याने उडवले. मग भिक्षा आलीच. पॅरिसच्या वास्तव्यात त्यांना पीटर फाबर व फ्रान्सिस झेवियर हे खोलीसोबती लाभले. महत्त्वाकांक्षी झेवियर काही वर्षे त्यांना दाद देत नव्हते. तेथेही इग्नेशियस यांनी वाट पाहिली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे या सात मित्रांनी एकत्र व्रत घेतले.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. वय सेहेचाळीस! सोबत्यांनी त्याच वर्षी आपली पहिली मिस्सा अर्पण केली. इग्नेशियस यांनी मात्र ती वर्षभर पुढे ढकलली. तयारी करावी, मरियामातेला विनवावे आणि शक्य तर तो पहिला मिस्साबली प्रभूच्या जन्मभूमीत अर्पावा, अशी त्यांची आस होती. तुर्कांशी युद्ध पेटल्याने जहाज सुटलेच नाही. येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आज पैसे राखले तर उद्या दुप्पट मिळतील, हा संयम व्यवहारही शिकवतो, आणि तो वाईट नाही. परंतु इग्नेशियस यांनी ज्यासाठी धीर धरला ते त्यांना मिळालेच नाही. पवित्र भूमी त्यांना पुन्हा कधीही दिसली नाही. २५ डिसेंबर १५३८ रोजी, दीक्षेनंतर दीड वर्षाने, रोममधील थोरल्या मरियामंदिरात, जेथे बेथलेहेमच्या गव्हाणीचे अवशेष पूजिले जातात, त्यांनी आपली पहिली मिस्सा अर्पण केली.

२७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. झेवियर त्याआधीच पौर्वात्य देशांकडे निघाले होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. इग्नेशियस रोममध्येच राहिले. ज्यांना दूरदेशी जायचे होते, ते उरलेले आयुष्य एका खोलीत बसून संघाची घटना व हजारो पत्रे लिहीत राहिले. १५५३ च्या जून महिन्यात त्यांनी आपल्या या लाडक्या मित्राला परत येण्याविषयी पत्र लिहिले. ते पत्र समुद्रमार्गे निघाले, तेव्हा झेवियर यांना चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर देवाज्ञा होऊन सहा महिने उलटून गेले होते.