मियाओंच्या भाषेला अक्षरे देणारा सॅम्युएल पोलार्ड

नैऋत्य चीनमधील मियाओ लोक एक जुनी कथा सांगतात. पूर्वी त्यांच्याकडे स्वतःची लिपी होती. युद्धात हरून घरदार सोडावे लागले, नद्या ओलांडताना पुस्तके गेली आणि लिपीही गेली. मग बायकांनी गमावलेल्या मुलखाची शेते, नद्या, शहरे आपल्या कपड्यांवरील नक्षीत जपली. आम्ही सामाजिक काम करताना अक्षरापासून दूर ठेवलेली माणसे रोज पाहतो, म्हणून ही कथा वाचताना थांबलो. आणि या लोकांसाठी लिपी तयार करणाऱ्या माणसाचे चरित्र शोधू लागलो.

सॅम्युएल पोलार्डचा जन्म १८६४ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील कॅमलफर्ड गावी झाला. वडील मेथडिस्ट परंपरेतील एका छोट्या पंथाचे धर्मोपदेशक. सॅम्युएल लंडनमध्ये सरकारी कारकून होता. ती नोकरी सोडून तो १८८७ साली मिशनरी म्हणून चीनला गेला आणि युन्नान प्रांतातील चाओथोंग येथे राहिला. चिनी भाषा शिकला, एम्माशी लग्न केले, औषधपाणी केले. पंधरा-सोळा वर्षे राबूनही धर्मप्रचारात फारसे यश आले नाही.

जुलै १९०४ मध्ये चार मियाओ माणसे डोंगर उतरून त्याच्या दारात आली. त्यांना वाचायला शिकायचे होते. काही दिवसांनी आणखी आली, मग शेकड्यांनी येऊ लागली. पाठीवर ओटच्या भाजलेल्या पिठाची पिशवी, तेच त्यांचे जेवण. घर, अंगण, जिने, सगळीकडे माणसे पुस्तक घेऊन बसलेली. आमच्या मते या चरित्राचा खरा नायक इथेच भेटतो, आणि तो पोलार्ड नाही. शिकण्याची मागणी मियाओंनी केली होती.

हे मियाओ म्हणजे आह्माओ. चीनमध्ये त्यांना ‘मोठ्या फुलांचे मियाओ’ म्हणतात, ते त्यांच्या लाल-काळ्या नक्षीच्या खांद्यावरील वस्त्रामुळे. भांगेच्या झाडाचा वाख काढायचा, सूत कातायचे, मागावर विणायचे, मेणाने रेखाटून निळीत बुडवायचे. हे सारे बायकांच्या हातचे. खाणे मका, कुट्टू, बटाटे. जमीन मात्र त्यांची नव्हती. ती यी (नोसू) जमीनदारांची. मियाओ त्यांची कुळे. वेठ करायची, मार खायचा. यी हेसुद्धा चीनमधील अल्पसंख्याकच, हे लक्षात घ्यावे. जो वरच्याकडून दबलेला असतो तो खालच्याला दाबत नाही, असे काही नसते.

कुळे शिकू लागली तसे जमीनदार बिथरले. परदेशी माणसाने मियाओंना विहिरीत टाकायला विष दिले आहे, अशी अफवा उठली. वाचायला जाणाऱ्यांना बांधून मारले गेले. पोलार्ड अधिकाऱ्यांकडे दाद मागत फिरला. १९०७ साली त्यालाही गाठून इतके मारले की तो मरता मरता वाचला. बरा झाला आणि पुन्हा डोंगरात परतला.

त्याआधी, १९०५ साली, ग्वेचौ प्रांतातील वेइनिंग भागात शिमनखान येथे जागा मिळाली. ती एका यी जमीनदारानेच दिली. तिथे शाळा उभी राहिली आणि लिपीचे काम सुरू झाले. चिनी चित्रलिपी शिकायला वर्षे लागतात, आणि मियाओ भाषा सुरांवर चालते. सूर बदलला की अर्थ बदलतो. कॅनडातील क्री आदिवासींसाठी केलेल्या लिपीची पोलार्डला माहिती होती. ली नावाचा चिनी सहकारी आणि यांग नावाचा मियाओ सहकारी सोबत होते. व्यंजनाचे अक्षर मोठे, स्वराचे लहान. लहान अक्षर मोठ्याच्या वर, बाजूला की खाली, यावरून सूर ठरतो. काही अक्षरे कपड्यांवरील नक्षीतून आली, असे मियाओ सांगतात. आज हिला ‘पोलार्ड लिपी’ म्हणतात. यांग आणि ली यांची नावे त्यात नाहीत, हे आम्हाला खटकते.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. या गावांमध्ये तरुण मुलामुलींनी संध्याकाळी जमण्याची घरे होती, बांबूच्या नळ्यांचे लुशेंग वाद्य होते, डोंगरावरचा फुलांचा उत्सव होता. पोलार्डला त्यात दारू आणि स्वैराचार दिसला. घरे पाडली गेली, लुशेंग टाकून दिले गेले. त्याऐवजी ड्रॅगन बोट सणाच्या दिवसांत खेळांचे सामने सुरू झाले. जुन्या रूढीतले काय गुलामीचे आणि काय आपले, हे ठरवायचे कोणी? आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावर एकमत झाले नाही. एक जण म्हणाला, दारू गेली हे बरेच झाले. ते खरेही आहे. पण गाणे दारूबरोबर का जावे, याचे उत्तर कोणी दिले नाही.

सप्टेंबर १९१५ मध्ये शिमनखानच्या शाळेत टायफॉइडची साथ आली. आजारी विद्यार्थ्यांची शुश्रूषा करताना पोलार्डला लागण झाली आणि तो गेला. वय ५१. विद्यार्थ्यांच्या गावातच त्याला पुरले. मियाओ भाषेतील संपूर्ण नवा करार दोन वर्षांनी, १९१७ साली छापून आला. शिमनखानमध्ये शिकलेला वू शिंगछुन १९२९ साली छंगतूच्या विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि आपल्या लोकांत परतला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पोलार्डची कबर फोडली गेली. नंतर ती पुन्हा बांधली.

पुढे मियाओ लोकांनीच आपली जुनी गाणी आणि कथा, धर्मांतरितांनी टाकून दिलेलीसुद्धा, याच लिपीत लिहून ठेवली. २०१२ साली ही लिपी युनिकोडमध्ये आली.