कै. बाळू बाबाजी पालवणकर

थोर पुरुषांची चरित्रे वाचण्याचा परिपाठ आपल्या शाळांतून फार दिवसांपासून चालत आलेला आहे. ही चरित्रे बहुधा राजांची, सेनापतींची, पंडितांची अथवा समाजधुरीणांची असतात, आणि ती वाचून मुलांच्या मनावर चांगले संस्कार होतात यात संशय नाही. परंतु ज्याने आपल्या आयुष्याचा आरंभ दुसऱ्यांच्या खेळाचे मैदान झाडून केला, आणि पुढे त्याच खेळात ज्याच्या तोडीचा गोलंदाज हिंदुस्थानात विरळा सापडे, अशा पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती क्वचितच येते. यास्तव यंदाच्या अंकात कै. बाळू बाबाजी पालवणकर यांची हकीगत थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव करण्याची आपली कोकणची रीत मालवणकर, आचरेकर, वेंगुर्लेकर अशा नावांच्या शेजारात वाढलेल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. पालवणकरांचे घराणेही त्याच रीतीने कोकणातील पालवण गावचे होय.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे चांभार समाजातील असून वडील लष्करी खात्याच्या चाकरीत होते. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानण्यात येत असे. या समाजाच्या मुलास गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मनाई, देवळात जाण्याची मनाई, आणि शाळेत गेलाच तर वर्गाबाहेर बसण्याची पाळी, अशी स्थिती होती. चाकरीच्या निमित्ताने हे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू व फळ्या घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळावयास शिकले. भातकापणी संपल्यावर आपल्याकडील मळ्यांत माडाच्या झावळीच्या देठाची फळी करून खेळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या दोघा भावांचे शिक्षण कोणत्या शाळेत झाले हे सहज कळेल.

घरची गरिबी असल्यामुळे बाळू यांस लहानपणीच नोकरी धरावी लागली. पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे काम त्यांस मिळाले. पगार दरमहा ३ रुपये होता. सभासदांस सरावाकरिता गोलंदाज हवा असला, म्हणजे मधून मधून या मुलास चेंडू टाकावयास सांगत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला, व कामेही वाढली. रूळ फिरवावा, खेळपट्टी आखावी, सरावाच्या जाळ्या उभाराव्यात, टेनिसच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा ओढाव्यात, आणि हे सर्व आटोपल्यावर साहेब लोकांस गोलंदाजी करावी, असा त्यांचा दिनक्रम असे.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे त्या वेळचे नामांकित इंग्रज फलंदाज खेळत असत. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळू यांनी आपणास बाद केले म्हणजे दर खेपेस ते आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. आमच्या छोट्या वाचकांनी हिशेब करून पाहावा. आठ वेळा ग्रेगसाहेब बाद झाले, की चार रुपये, म्हणजे बाळू यांचा पुरा एक महिन्याचा पगार होत असे. अशा रीतीने शेकडो तास चेंडू टाकून बाळू यांच्या डाव्या हातास विलक्षण वळण लागले. चेंडू उंच सोडून फलंदाजास पुढे ओढावे, क्षणात गती कमी करावी, क्षणात वाढवावी, आणि टप्पा पडताच चेंडू आत वळेल की बाहेर, याचा अंदाज लागू देऊ नये, ही त्यांची हातोटी होती. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इतकी वर्षे चाकरी करूनही जाळीत फळी हाती घेण्याची संधी त्यांस तेथे मिळाली नाही. फलंदाजी हा सभासदांचा मान होता, आणि गोलंदाजी हे नोकराचे काम समजले जाई.

पैसे घेऊन खेळणाऱ्यास कमी लेखण्याची ही चाल केवळ आपल्याच देशात होती असे नाही. इंग्लंडात फुटबॉल खेळणाऱ्यांस उघडपणे वेतन देण्यास १८८५ साली प्रथम मान्यता मिळाली. १९०१ पासून तर खेळाडू कितीही कुशल असो, त्यास आठवड्यास ४ पौंडांहून अधिक द्यावयाचे नाही असा नियम तेथे होता. क्रिकेटमध्ये हौशी सद्गृहस्थ व वेतनी खेळाडू यांचे कपडे बदलण्याचे दालन व मैदानात उतरण्याचा दरवाजा अनेक ठिकाणी निरनिराळे असत, आणि हा भेद १९६२ साली रद्द होईपर्यंत चालू होता. परंतु इंग्लंडातील वेतनी खेळाडू दुसऱ्या दरवाजाने आला, तरी त्याच्या स्पर्शाचा कोणी विटाळ मानीत नसे. बाळू यांच्या वाट्यास वेतनी खेळाडूची उपेक्षा आणि जन्मावरून होणारी हेटाळणी ही दोन्ही एकदमच आली.

पूना क्लबातील या गोलंदाजाची कीर्ती लवकरच शहरात पसरली. युरोपियनांस हरविण्याची पुण्यातील हिंदू क्लबास मोठी उमेद होती. बाळू यांस संघात घ्यावे की न घ्यावे यावर सभासदांत दोन तट पडले. अखेर विजयाची इच्छा प्रबळ ठरून त्यांस घेण्यात आले. मैदानावर सर्व खेळाडू एकच चेंडू हाताळीत. परंतु चहाची वेळ झाली, म्हणजे इतर मंडळी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळू यांस तो बाहेर, मातीच्या भांड्यातून देण्यात येई. हातपाय धुण्यास पाणी हवे असल्यास ते त्यांच्यासारख्याच अस्पृश्य गणलेल्या नोकराने आणून द्यावे, आणि जेवणाचे ताट निराळे मांडावे, असा नियम होता. ज्या हाताने टाकलेल्या चेंडूमुळे संघ जिंकत होता, त्याच हाताचा पेल्यास स्पर्श होऊ नये, या वागणुकीतील विसंगती त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आली.

ज्यांच्या लक्षात आली, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे प्रमुख होत. सातारा येथे युरोपियनांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्यात बाळू यांनी सात गडी बाद करून पुण्याच्या हिंदू संघास विजय मिळवून दिला. संघ परतल्यावर झालेल्या समारंभात न्यायमूर्तींनी त्यांचा गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी मंडळींपुढे मांडला. वडीलधाऱ्या माणसाने योग्य वेळी टाकलेल्या एका शब्दाचे मोल किती असते, हे यावरून पालकांच्याही ध्यानात येईल.

१८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली, आणि त्या धामधुमीच्या काळात पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळू यांनी प्रथम काही काळ लष्करात, व नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी केली. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांस प्रवेश देण्यासही काही सभासदांचा विरोध होता. पण कप्तान कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे तो मावळला. पुढे शिवराम हेही त्याच संघात आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन यांचा सामना मुंबईत झाला. हिंदूंच्या डावांत २४२ व १६० धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१ व १०२. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळू यांनी दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले होते. बंगालच्या फाळणीमुळे देशभर स्वदेशीची चळवळ चालू असता हा जय मिळाल्याने लोकांस त्याचे फार कौतुक वाटले. याहून मोठा जय मात्र जिमखान्याच्या उपाहारगृहात झाला होता, असे आम्हांस वाटते. मुंबईत या दोघा बंधूंस इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसविण्यात येऊ लागले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानेही या गोष्टीची आवर्जून दखल घेतली.

१९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. पारशी, हिंदू, मुसलमान व शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू त्यात होते. बाळू व शिवराम या दोघांचीही निवड झाली. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनकच झाली. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ अनिर्णित राहिले, आणि लेस्टरशायर व सॉमरसेट यांच्याविरुद्धचे २ जिंकले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक लागले होते. अशा स्थितीत वयाच्या सुमारे पस्तिसाव्या वर्षी, थंड व ओल्या हवेत, बाळू यांनी अखंड गोलंदाजी करून सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले, आणि दर गड्यामागे १९ हूनही कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी टिपले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य गणलेल्या समाजांनी त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तयार करण्यात तरुण भीमराव आंबेडकर यांचा हात होता, असे चरित्रकार सांगतात.

आता या चरित्रातील सर्वांत कटू भागाकडे वळू. १९१२ पासून मुंबईचे सामने चौरंगी झाले, आणि हिंदू संघाचा कप्तान कोण असावा हा प्रश्न दरवर्षी पुढे येऊ लागला. अनुभव, वय व कामगिरी या तिन्ही बाबतींत बाळू यांचा अधिकार मोठा होता. तरीही वर्षामागून वर्षे गेली, आणि कप्तानपद दुसऱ्यांकडेच जात राहिले. १९१३ च्या सुमारास एम. डी. पै यांस ते मिळाले, तेव्हा आपल्या ज्ञातिबांधवांनी केलेल्या सत्कारसमारंभातच पै यांनी, हा मान वस्तुतः बाळू यांचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. सत्कार स्वीकारताना असे बोलावयास मोठे मन लागते. १९२० साली पै आजारी असता कप्तानपद दि. ब. देवधर यांस देण्यात आले, व बाळू यांस संघातूनही वगळले. तेव्हा शिवराम व त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल या दोघांनी संघातून अंग काढून घेतले, आणि हा अन्याय जातीमुळेच होत आहे असे जाहीर पत्रक काढले. लोकमत क्षुब्ध झाले. पुढील सामन्यात तिघेही बंधू संघात परतले. बाळू यांस उपकप्तान नेमण्यात आले, आणि पै यांनी सामना चालू असता काही वेळ स्वतः मैदानाबाहेर राहून संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. सुमारे पाव शतकाच्या सेवेनंतर त्यांच्या वाट्यास आलेले कप्तानपद ते एवढेच.

तथापि ज्या वादास ते स्वतः पुरे पडू शकले नाहीत, त्याचा निकाल त्यांच्या हयातीतच लागला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी त्यांस खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यांत सर्व जातींचे खांदे होते. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा जीवन’ हे आत्मवृत्त १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू यांनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत, की संयुक्त, या १९३२ च्या वादात ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते, आणि त्या वर्षीच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळू यांस ११,२२५ मते पडली. दोघांचे मार्ग भिन्न होते, आणि बाळू यांनी घेतलेली बाजू त्यांच्या अनेक बांधवांस रुचली नाही, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु दोघांनीही जे सोसले ते एकच होते. ४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर मुंबईत निवर्तले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, हा त्यांचा हिशेब पुस्तकांत नोंदलेला आहे. तरीही दीर्घ काळ त्यांचे नाव लोक विसरले होते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथाने ते पुन्हा अनेकांपर्यंत पोहोचले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून उद्योग व चिकाटी यांचा धडा घ्यावा, असे सांगून आम्हांस थांबता आले असते, आणि तो धडा खराही आहे. परंतु केवळ चिकाटीने बाळू यांस न्याय मिळाला नाही. रानड्यांनी तोंड उघडले, कीर्तिकरांनी आग्रह धरला, पै यांनी आपला मान दुसऱ्याचा आहे असे कबूल केले, आणि भावांनी अन्याय निमूटपणे सोसण्याचे नाकारले, तेव्हा कोठे दरवाजा थोडासा उघडला. गुणी माणसाने कष्ट करावे हे खरे, परंतु त्याच्या कष्टाचे चीज करणे हे भोवतालच्या मंडळींचे कर्तव्य असते. उद्या सकाळी मैदानावर याल, तेव्हा जांभ्या दगडाचे खडे वेचून, पाणी शिंपून ज्याने ते तुमच्यासाठी तयार ठेवले असेल त्याच्याकडे एकदा पाहा. त्याचे नाव तुम्हांस ठाऊक आहे काय? नसल्यास विचारून घ्या, आणि सामना संपल्यावर तुम्ही ज्या भांड्यातून पाणी प्याल, त्याच भांड्यातून त्यासही पाणी द्या. पालकांनीही घरी परतलेल्या मुलास सामना कोणी जिंकला हे विचारताना, संघात कोणास घेतले नाही व का, हेही विचारावे, अशी आमची विनंती आहे.