उषा मेहतांचा घरगुती ट्रान्समीटर

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत चौपाटीजवळच्या एका घरातून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर एक नवे रेडिओ केंद्र बोलू लागले. नाव काँग्रेस रेडिओ. पत्ता मात्र भारतात कुठेतरी, एवढाच सांगितला जाई. बोलणारी मुलगी बावीस वर्षांची होती.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस गावी झाला. वडील न्यायाधीश, निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईला आले. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवल्यावर त्या कायदा शिकत होत्या. ९ ऑगस्टला सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली, आणि अभ्यास बाजूला पडला. बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी अशा सोबत्यांसह त्यांनी केंद्र उभे केले. त्यांच्यामागे राममनोहर लोहिया होते. साहित्य आणि तंत्रज्ञ पुरवले ते शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांनी. ट्रान्समीटर जुळवणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवाले. युद्ध सुरू होताच सरकारने अशा सर्वांचे परवाने रद्द केले होते.

यंत्र अर्थातच व्हॉल्व्हचे. त्या काळी दुसरे काही नव्हतेच. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातला एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन विद्युतभाराच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. जाळीवरच्या व्होल्टेजात किंचित फरक केला की पट्टीकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. वर्धन म्हणतात ते हेच. ट्रान्समीटरमध्ये त्यासाठी पट्टीवर शेकडो व्होल्ट लागतात, म्हणून लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर आला. सुरू केल्यावर नळ्या तापेपर्यंत थांबावे लागे. आणि काच ती काचच, हादऱ्याला भिणारी.

असला संसार घेऊन ही मंडळी घरे बदलत होती. चौपाटीवरचे सी व्ह्यू, वाळकेश्वरचे रतन महाल, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भुवन, मग गिरगावातली पारेखवाडी. कारण साधे होते. ट्रान्समीटर बोलू लागला की दिशाशोधक एरियल फिरवून तो कोणत्या बाजूला आहे ते कळते. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या छेदतात तिथे जाऊन दार ठोठावायचे.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आजही हौशी रेडिओवाले याच पट्ट्यात बोलतात. दिवसा वातावरणातला एक खालचा आयनथर या लहरी शोषतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. काँग्रेस रेडिओचे प्रसारण आधी दिवसातून दोनदा होई, नंतर फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. घरातला ट्रान्समीटर दूरवर ऐकू जायला ही वेळ सोयीची होती. आष्टी-चिमूरच्या बातम्या लोकांपर्यंत पोहोचल्या त्या याच केंद्रावरून.

पण या लहरीला अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे साधारण २१ मीटरची तार हवी. गिरगावच्या वाडीत ती सरळ ताणायची कुठे? तार बेतशीर नसेल तर ऊर्जेचा काही भाग ट्रान्समीटरकडे उलटा येतो. व्हॉल्व्ह हे काही काळ सोसतो. पट्टी लाल होते, माणूस सावध होतो. घाईने टांगलेल्या तारेवर यंत्र चालवायचे तर हा गुण मोलाचा.

अखेर दगा झाला तो माणसाकडून. तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण सांगितले आणि १२ नोव्हेंबरला पारेखवाडीत धाड पडली. वंदे मातरम्‌ची ध्वनिमुद्रिका लागलेली होती. बंद करण्याचा हुकूम झाला, तो उषा मेहतांनी मानला नाही.

पुढचे सहा महिने चौकशी आणि एकांतवास. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवून झाले. न्यायालयात त्यांनी विचारले, की उत्तरे देणे बंधनकारक आहे का. नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यात प्रकृती इतकी ढासळली की त्यांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात आणावे लागले. तिथेही खाटेपाशी रात्रंदिवस पोलिसांचा पहारा. बऱ्या झाल्यावर पुन्हा येरवडा. १९४६ मध्ये सुटका झाली, पण तब्येतीने अंथरूण सोडू दिले नाही आणि स्वातंत्र्याच्या समारंभांनाही त्यांना जाता आले नाही.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. त्याला तापवावे लागत नाही, फुटायला काच नाही. मात्र ट्रान्समीटरला पुरेल इतकी शक्ती पेलणारे ट्रान्झिस्टर यायला आणखी बरीच वर्षे गेली. आता दादरच्या ब्लॉकमध्ये केंद्र मांडणाऱ्याला निवड करता येते. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरात हजारो व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर पन्नासेक व्होल्टवर भागवतो, लगेच सुरू होतो. पण तार चुकली तर क्षणात जळतो, म्हणून त्याला संरक्षक मंडल लागते. घरात लहान मुले असतील तर ट्रान्झिस्टरच बरा. तरी व्हॉल्व्हला अनाडी तार जशी चालते, तशी याला चालत नाही.

उषा मेहता रेडिओकडे परत वळल्या नाहीत. गांधीविचारांवर डॉक्टरेट घेऊन त्यांनी चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात तीस वर्षे शिकवले, मणिभवनचे काम पाहिले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.