वृद्ध डॉक्टर यानुश कोर्चाक

कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांचें 'डाकघर' हें नाटक आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आजारी अमल वैद्याच्या आज्ञेनें घरांत कोंडला गेला आहे. खिडकीशीं बसून तो दहीवाल्याशीं, पहारेकऱ्याशीं, लहानग्या सुधेशीं बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. हें नाटक सन १९४२ च्या जुलै महिन्यांत, १८ तारखेस, पोलंडच्या वॉर्सा शहरीं भिंतींनीं कोंडलेल्या एका वस्तींतील अनाथ मुलांनीं करून दाखविलें. तें ज्यांनीं निवडलें त्या डॉक्टरांचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

त्यांचें खरें नांव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सा येथें, २२ जुलै रोजीं झाला. सन मात्र १८७८ कीं १८७९, याचा निकाल त्यांस स्वतःसहि लागला नाहीं, कारण वडिलांनीं जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. वडील वकील होते. घराणें ज्यू, परंतु पोलिश भाषेंत व चालीरीतींत मिसळून गेलेलें. हेन्रिक पांच वर्षांचा असतां त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्यास पुरून वर क्रूस उभारावा असें त्याच्या मनांत आलें. तेव्हां रखवालदाराच्या मुलानें त्यास बजाविलें कीं, हा पक्षी ज्यू आहे व तूंहि ज्यूच आहेस. आपणांस जग निराळें मानतें हें त्या बालकास प्रथम अशा रीतीनें कळलें.

पुढें वडिलांस वेड लागलें व सन १८९६ मध्यें ते वारले. घर चालविण्यासाठीं हेन्रिक शिकवण्या करूं लागला. सन १८९८ मध्यें एका लेखनस्पर्धेसाठीं त्यानें जुन्या पोलिश कादंबरीवरून यानुश कोर्चाक हें टोपणनांव घेतलें, आणि तेंच जगास माहीत झालें. वैद्यकाची पदवी, रशिया-जपान युद्धांतील लष्करी वैद्याची नोकरी आणि त्यानंतर वॉर्सांतील मुलांच्या रुग्णालयांत कांहीं वर्षें काम, असा त्यांचा क्रम झाला. डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक वाढत होता. परंतु बरें करून ज्या घरीं मूल परत पाठवावयाचें तेथें अन्न नाहीं व माया नाहीं, तर औषधाचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. सन १९१२ मध्यें क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू अनाथांसाठीं नवें गृह उघडलें, त्याचें चालकत्व त्यांनीं पत्करिलें. स्टेफानिया विल्चिन्स्का या बाई त्यांच्या सहकारी होत्या. गृहाचा दैनंदिन भार बहुतेक त्यांनींच वाहिला, हें चरित्रकार कधीं कधीं विसरतात. डॉक्टरांनीं विवाह केला नाहीं.

या गृहांत मुलांचें स्वतःचें न्यायालय होतें. न्यायाधीश मुलेंच. कायद्याचीं कलमें एक हजारापर्यंत गेलेलीं. पैकीं पहिलीं नव्याण्णव केवळ क्षमेचीं, व हजारावें गृहांतून काढून टाकण्याचें. मुलांप्रमाणें शिक्षकांवरहि फिर्याद होऊं शके. सहा महिन्यांत डॉक्टर स्वतः पांच वेळां या न्यायालयापुढें उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलांत मारली, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, एका न्यायाधीशाचा अपमान केला, असे ते अपराध होते. आम्ही शिक्षकांनीं ही यादी वाचली तेव्हां आम्हांस आपापले दिवस आठवले, एवढें सांगणें पुरे!

सन १९२३ मध्यें त्यांनीं 'राजा माचुश पहिला' ही मुलांची कादंबरी लिहिली व आरंभीं स्वतःचें बालपणींचें छायाचित्र घातलें, कारण लेखकहि एकदां लहान होता हें वाचकांनीं पहावें अशी त्यांची इच्छा होती. गोष्टींतील बालराजा मुलांची संसद स्थापितो. मोठीं माणसें शाळेंत जातात. राज्यांत गोंधळ उडतो, आणि अखेरीस राजाच्या नशिबीं निर्जन बेटावरील हद्दपारी येते. मुलांसाठीं लिहावयाचें म्हणून शेवट गोड करण्याची सवय कोर्चाक यांस नव्हती. सन १९२६ पासून त्यांनीं मुलांनींच लिहिलेलें एक साप्ताहिक चालू केलें. आकाशवाणीवर ते 'वृद्ध डॉक्टर' या नांवानें बोलत, कारण ज्यू माणसाचें नांव तेथें उच्चारणें अधिकाऱ्यांस सोयीचें नव्हतें.

सन १९३९ च्या १ सप्टेंबर रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत वॉर्सांतील ज्यूंस भिंतीआड कोंडण्यांत आलें. चार लक्षांहून अधिक माणसें त्या चिंचोळ्या वस्तींत भरलीं होतीं. अनाथगृहहि तेथें हलविलें गेलें. वाटेंत बटाट्यांची गाडी जप्त झाली. ती परत मागण्यासाठीं डॉक्टर जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले; हातावरील सक्तीचा पट्टाहि त्यांनीं बांधला नव्हता, म्हणून त्यांस तुरुंगांत टाकलें. सुटल्यावर हा साठी ओलांडलेला, पाय सुजलेला मनुष्य पाठीवर पिशवी घेऊन दोनशें मुलांसाठीं दारोदार धान्य मागत हिंडे. बाहेरील पोलिश मित्रांनीं खोटीं कागदपत्रें देऊन त्यांस वांचविण्याचें ठरविलें. तें त्यांनीं नाकारिलें.

याच दिवसांत 'डाकघर' झालें. मृत्यूस निर्भयपणें सामोरें कसें जावें हें मुलांस कळावें म्हणून डॉक्टरांनीं तें निवडलें, असें सांगतात. चारच दिवसांनीं, २२ जुलैला, वस्तींतील लोकांस आगगाड्यांनीं ट्रेब्लिंका येथें नेण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत अनाथगृहाची पाळी आली. मुलें रांगेनें रस्त्यांतून चालत गेलीं. डॉक्टर व स्टेफानियाबाई त्यांच्या बरोबर होत्या. या प्रसंगाविषयीं अनेक आख्यायिका आहेत; त्या सर्व खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. कोणीहि परत आलें नाहीं हें खरें आहे. ट्रेब्लिंका येथें आतां हजारों दगडांचें स्मारक आहे. दगडांवर गांवांचीं नांवें कोरलेलीं असून व्यक्तीचें नांव एकाच दगडावर आहे: यानुश कोर्चाक, आणि मुलें.

त्या महासंहारांत साठ लक्ष ज्यू मारले गेले. त्यांत सुमारें पंधरा लक्ष मुलें होतीं. दहा वर्षांच्या मुलास हें कसें सांगावें? कांहीं सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, सांगूंच नये. आम्हांस तें पटलें नाहीं, परंतु त्यांची भीति खोटीहि वाटली नाहीं. पोलिश चित्रकार इवोना ख्मिएलेव्स्का यांनीं सन २०११ मध्यें या अनाथगृहावर एक चित्रपुस्तक काढलें. त्यांत मुलांची एकेक करून ओळख होते; मृत्यूपेक्षां तीं कशीं जगत होतीं याकडे चित्रांचें लक्ष अधिक आहे. तोच मार्ग आम्हीं धरिला. पांचव्या इयत्तेंत न्यायालय, वर्तमानपत्र, बटाट्यांची गाडी व नाटक यांचीं चित्रें फळ्यावर काढून ही कथा सांगितली. विषारी वायूची हकीकत वरच्या वर्गांसाठीं राखून ठेविली. रांगेच्या चित्रापाशीं एका मुलानें विचारलें कीं, तीं मुलें परत केव्हां आलीं. खोटें सांगणें त्या क्षणीं फार सोपें होतें. तीं परत आलीं नाहींत, त्यांस ठार मारण्यांत आलें, असें आम्हीं सांगितलें. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग त्याच मुलानें विचारलें कीं, डॉक्टर शेवटपर्यंत त्यांच्या जवळ होते ना? होते, असें आम्हीं उत्तर दिलें.

दुसऱ्या दिवशीं वर्गानें आपलें न्यायालय स्थापन केलें. पहिली फिर्याद आमच्यावरच आली: रांगेच्या चित्रांत आम्हीं मुलें काढलीं, पण डॉक्टर काढावयास विसरलों होतों. गुन्हा कबूल केला. पहिल्या कलमाखालीं क्षमा झाली, आणि खडू हातीं घेऊन आम्ही फळ्याकडे वळलों.