पावसात टीव्हीवर चौकोन का दिसतात? उत्तर आहे एका शिंप्याच्या मुलाच्या गणितात

जोराचा पाऊस सुरू झाला की डिशवर चालणाऱ्या टीव्हीचं काय होतं, आठवून बघा. मॅच ऐन रंगात असते आणि चित्र फुटायला लागतं. बॅट्समनच्या जागी नुसते रंगीत चौकोन!

जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल गेला की मुंग्या दिसायच्या. मग हे चौकोन आले कुठून?

ते समजून घ्यायला एका माणसाची गोष्ट माहिती हवी. त्याचं नाव जोसेफ फोरियर. इंजिनिअरिंगच्या पोरांना ‘फोरियर सिरीज’मुळे घाम फुटतो, तेच हे फोरियर.

२१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावात त्यांचा जन्म झाला. वडील शिंपी होते. जोसेफ नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. गावातल्या सैनिकी शाळेत त्याला गणिताची गोडी लागली. मध्ये काही काळ मठात राहून धर्मगुरू व्हायचाही विचार झाला, पण १७८९ ला फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि सगळंच बदललं.

फोरियर क्रांतीच्या बाजूने उतरले. पण त्या काळात कोण कधी गद्दार ठरेल याचा भरवसा नव्हता. १७९४ मध्ये त्यांना अटक झाली. गिलोटिनवर जाण्याची वेळ येऊ शकली असती, पण तेवढ्यात रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि फोरियर सुटले.

१७९८ मध्ये ते नेपोलियनसोबत इजिप्तला गेले. परत आल्यावर पुन्हा शिकवायचं, गणित करायचं असा त्यांचा बेत होता. नेपोलियनने मात्र १८०२ मध्ये त्यांना इझेर प्रांताचा प्रीफेक्ट केलं. म्हणजे साधारण आपल्याकडच्या कलेक्टरसारखं पद. मुक्काम ग्रनोबल शहरात.

दिवसा दलदली बुजवणं, रस्ते बांधणं ही कामं. उरलेल्या वेळात एकच प्रश्न: तापलेल्या लोखंडातून उष्णता पसरते कशी?

या प्रश्नाच्या मागे लागून त्यांच्या हाती एक भन्नाट गोष्ट आली. कितीही वेडीवाकडी रेषा घ्या, ती साध्या, गोलाईदार लाटा एकमेकींत मिसळून तयार करता येते. कोणती लाट किती घ्यायची, एवढंच शोधायचं.

डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी हा निबंध पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे मांडला. तपासायला बसले होते लाग्रांज आणि लाप्लास, म्हणजे त्या काळातले गणितातले बाप लोक. लाग्रांज यांना हे पटलंच नाही. टोकदार कोपरा असलेली रेषा गुळगुळीत लाटांतून कशी बनेल? निबंध छापला गेला नाही.

पुढे उष्णतेवरच निबंध स्पर्धा ठेवली गेली. फोरियर यांनी १८११ मध्ये सुधारित निबंध पाठवला. बक्षीस मिळालं, पण सोबत सिद्धता अपुरी असल्याचा शेराही आला. निबंध तेव्हाही छापला नाहीच. शेवटी १८२२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. म्हणजे तब्बल १५ वर्षं गेली. पुढे आठच वर्षांनी, १६ मे १८३० रोजी, फोरियर यांचं निधन झालं.

आता येऊया टीव्हीकडे.

एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. सेकंदाला २५ फ्रेम. हे जसंच्या तसं साठवलं तर एका तासाचं फूटेज सुमारे ५६० जीबी होतं. एवढं पाठवणार कसं?

बंगळुरूत जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये फोरियर यांच्याच कल्पनेच्या वाटेवरचा एक उपाय सुचवला. त्यांचा निधीचा प्रस्तावही नाकारला गेला! तरी काम थांबलं नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नाव: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी.

पुढे टीव्हीसाठी आलेल्या एमपेग-२ मध्ये हेच डीसीटी वापरलं गेलं. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात कोणती लाट किती, हे मोजायचं. रिपोर्टरच्या मागचं निळं आकाश एक-दोन आकड्यांत भागतं, केसांना जास्त आकडे लागतात. डोळ्याला न कळणारे बारकावे सोडून द्यायचे. शिवाय आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं, तेवढंच साठवायचं.

चॅनलमध्ये नेहमी वापरली जाणारी एमएक्सएफ फाइल हा फक्त डबा असतो. त्यात चित्र, आवाज, टाइमकोड एकत्र राहतात. आतलं चित्र सेकंदाला ५० मेगाबिटच्या एमपेग-२ मध्ये असेल, तर तासाभराचं चित्र साडेबावीस जीबीत मावतं. कुठे ५६० आणि कुठे साडेबावीस! नंतर आलेल्या एच.२६४ मध्येही याच गणिताचं सोपं रूप आहे.

पावसात सिग्नल कमजोर होतो, काही आकडे वाटेत हरवतात आणि सेट टॉप बॉक्सला ते चौकोन नीट जुळवता येत नाहीत.

त्यामुळे पुढच्या पावसात मॅच फुटली की बॉक्सला दोन फटके मारण्याआधी फोरियर यांना आठवा. चित्र फुटल्यावर त्यांचं गणित दिसतं. बाकी वेळ ते गुपचूप काम करत असतं.